सह्याद्रीच्या माथ्यावर कोणाचे घर?

कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी राहणाऱ्या माणसांच्या दारात शासन आजवर दोनदा लोककल्याणाचा निरोप घेऊन आले. पहिल्या वेळी ते धरणासाठी आले. महाराष्ट्राला वीज हवी होती. ती मिळावी म्हणून खोऱ्यातील शंभराच्या आसपास गावांनी आपली भातखाचरे, देवळे आणि स्मशाने पाण्याखाली जाऊ दिली. दुसऱ्या वेळी ते वन्यप्राण्यांसाठी आले. १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झाले, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले, आणि धरणाच्या पाण्यामुळे डोंगरउतारावर चढलेल्या वाड्यांना पुन्हा एकदा बिऱ्हाड हलविण्यास सांगण्यात आले. आता शासन तिसऱ्यांदा आले आहे. या वेळी त्याच्या हातात ना विजेचे तारखांब आहेत, ना वाघाचे छायाचित्र. या वेळी त्याच्या हातात ‘नवीन महाबळेश्वर’ या नावाच्या एका भव्य गिरिस्थानाचा आराखडा आहे.

पहिल्या दोन प्रसंगी निदान एवढे तरी म्हणता येत होते की, मागितलेला त्याग कोणत्यातरी सार्वजनिक प्रयोजनासाठी होता. त्या त्यागाचे मोल शासनाने चुकविले नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु तिसऱ्या प्रसंगी मागण्यात येणारी जमीन कोणासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न विचारल्यावाचून महाराष्ट्रातील कोणत्याही विवेकी नागरिकाला पुढे जाता येणार नाही.

रस्तेबांधणी महामंडळाच्या हाती डोंगर

या योजनेचा इतिहास थोडक्यात असा. कोयना जलाशयाच्या परिसरात नवे थंड हवेचे ठिकाण वसविण्याची कल्पना १९९०च्या दशकापासून अधूनमधून डोके वर काढीत आली आहे. २०१९ साली तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. राज्य शासनाने या डोंगराळ पट्ट्यातील २३५ गावांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली. २०२४ साली आणखी २९४ गावे या क्षेत्रात घालण्यात आली. अशा रीतीने सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतील पाचशेहून अधिक गावांच्या भूमीचा विनियोग कसा व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार एका महामंडळाकडे गेला.

हे महामंडळ १९९६ साली स्थापन झाले ते रस्ते आणि पूल बांधण्यासाठी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे त्याचे प्रसिद्ध काम. ते काम त्याने कसे केले हा येथे वादाचा विषय नाही. प्रश्न असा की, ज्या संस्थेचा जन्मच डोंगर फोडून वाट काढण्यासाठी झाला, तिच्याकडे डोंगर राखण्याचे काम कोणत्या तर्काने सोपविण्यात आले? राज्यात वनविभाग आहे, जैवविविधता मंडळ आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, आणि त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मान्यता दिलेली पंचायत राज्याची सारी उतरंड आहे. या सर्वांना बाजूला सारून ज्या वेळी बांधकाम करणाऱ्या महामंडळाची निवड होते, त्या वेळी आराखडा तयार होण्यापूर्वीच त्याचा निष्कर्ष ठरलेला असतो.

‘विशेष नियोजन प्राधिकरण’ हा शब्द सामान्य शेतकऱ्याला निरुपद्रवी वाटतो. नियोजन झाले तर चांगलेच, असे त्याला वाटावे हे स्वाभाविकही आहे. परंतु नियोजन म्हणजे जमिनीचा वापर ठरविण्याचा आणि बदलण्याचा अधिकार. जी जमीन आज नकाशावर शेती वा ना-विकास क्षेत्र म्हणून हिरवी आहे, ती उद्या पर्यटन क्षेत्र म्हणून निराळ्या रंगाने रंगविली की एका रात्रीत तिचा भाव बदलतो. आणि हा रंग बदलणार आहे हे ज्याला आधी कळते, तो आधी खरेदी करतो. शेतकऱ्याला ते कळते तेव्हा त्याच्या हाती सातबारा नसतो, खरेदीखताची प्रत असते.

ही निव्वळ भीती नव्हे. कांदाटी खोऱ्यातील झाडाणी या गावची शेकडो एकर जमीन बाहेरच्या मोजक्या मंडळींनी विकत घेतल्याचे २०२४ साली उघडकीस आले. कमाल जमीनधारणा कायद्याखाली चौकशी सुरू झाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आपण होऊन दखल घेतली. ज्या खोऱ्यात आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला लाँचची वाट पाहावी लागते, त्या खोऱ्यातील खडकाळ उतारांत कोणाला एवढा रस का उत्पन्न व्हावा? नाचणी आणि वरी पिकविण्यासाठी हे धनिक तेथे आले, असे मानण्याइतके भोळे कोणीही राहिलेले नाही.

माल्कमपेठेचा वारसा

मुळात गिरिस्थान ही कल्पनाच या भूमीतली नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर माणसे शतकानुशतके राहत आली. ती तेथे भात, नाचणी पिकवीत, गुरे राखीत, देवराया सांभाळीत. पाच नद्यांच्या उगमाचे क्षेत्र म्हणून महाबळेश्वरची यात्राही जुनीच. परंतु उन्हाळा टाळण्यासाठी डोंगरावर स्वतंत्र वसाहत उभारावी, तेथे आपला क्लब, आपला बाजार आणि आपले बंगले असावेत, आणि स्थानिकाने तेथे फक्त हमाल, खानसामा व घोडेवाला म्हणून वावरावे, ही रचना इंग्रज अधिकाऱ्यांची. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८च्या सुमारास, ही वसाहत आकाराला आली आणि तिला त्याचेच नाव देऊन ‘माल्कमपेठ’ म्हटले गेले. राज्यकर्ता वर्ग घाटमाथ्यावर आणि राबणारा वर्ग त्याच्या पायथ्याशी, असा तो भूगोल होता.

साहेब जाऊन पाऊण शतक उलटले. भूगोल तोच राहिला, बंगल्यावरील पाट्या तेवढ्या बदलल्या. त्या जुन्या महाबळेश्वराची आजची स्थिती काय आहे? सुट्टीच्या दिवसांत मैलोगणती वाहनांची रांग, कचऱ्याचे ढीग, उन्हाळ्यात स्थानिकांच्या नळाला पाण्याची वाट आणि हॉटेलांच्या दारात टँकर. या अनिर्बंध बांधकामाला आवर घालण्यासाठीच केंद्र शासनाला जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करावा लागला. आता युक्तिवाद असा करण्यात येतो की, जुन्या महाबळेश्वरावरील ताण कमी करण्यासाठी नवे महाबळेश्वर हवे. म्हणजे एका डोंगराची दुर्दशा झाली, यावर शासनाला सुचलेला उपाय म्हणजे शेजारचा डोंगर त्याच मार्गाने नेणे! रोगाची लक्षणे पाहून औषध शोधण्याऐवजी दुसऱ्या निरोगी माणसाला तोच रोग जडविणाऱ्या वैद्याला जे नाव द्यावे, ते या नियोजनकर्त्यांना द्यावे लागेल.

मोसे खोऱ्याचा धडा

नव्या गिरिस्थानाचे स्वप्न महाराष्ट्राने एकदा पुरते पाहून झाले आहे. १९९६ साली राज्य शासनाने खासगी भांडवलाच्या साहाय्याने गिरिस्थाने विकसित करण्यासाठी विशेष नियमावली केली. त्या नियमावलीच्या आधारे पुणे जिल्ह्यातील मोसे नदीच्या खोऱ्यातील १८ गावे २००१ साली गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाली आणि तेथे ‘लवासा’ हे नगर उभे राहू लागले. पुण्याच्या पिण्यासाठी आणि शेतीच्या सिंचनासाठी बांधलेल्या वरसगाव धरणाच्या पाणलोटात हे नगर होते. धरणासाठी संपादन केलेल्या जमिनीपैकी काही जमीनही महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने या प्रकल्पाला भाडेपट्ट्याने दिली. शेतकऱ्याकडून लोकहितासाठी घेतलेली जमीन धनिकाच्या विहारासाठी कशी हस्तांतरित होते, याचा हा वस्तुपाठच होय.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पूर्वपरवानगीवाचून बांधकाम केल्याबद्दल नोटीस बजावून काम थांबविले. वर्षभराने अटींसह मान्यता मिळाली. परंतु तोपर्यंत टेकड्या कापून झाल्या होत्या आणि कातकरी व धनगर कुटुंबांच्या वहिवाटीच्या वाटा बंद झाल्या होत्या. २०१८ साली हा प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. बँकांचे पैसे अडकले, घरांसाठी पैसे भरलेले मध्यमवर्गीय अडकले, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची तर गणतीही त्या हिशेबात नव्हती. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत तेथे दरड कोसळून बंगले गाडले गेले. नफा व्हायचा तेव्हा तो खासगी होता; तोटा झाला तो मात्र बँकांच्या मार्फत साऱ्या समाजाच्या डोक्यावर आला.

मोसे खोऱ्याच्या शेजारीच मुळशी आहे. १९२१ साली तेथील मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ‘जान किंवा जमीन’ असे म्हणत वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या निरक्षर शेतकऱ्याला जे उमगले होते, ते आजच्या उच्चविद्याविभूषित नियोजनकारांना उमगू नये, हे दुर्दैव आहे. की उमगूनही ते गप्प आहेत?

सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे

या परिसराच्या माथ्यावरील जांभ्याच्या सपाट पठाराला स्थानिक लोक ‘सडा’ म्हणतात. पावसाळा सोडला तर तो काळा, उघडा, ओसाड दिसतो. महसुली दप्तरात त्याची नोंद बहुधा पोटखराबा वा पडीक अशी असते, आणि त्यामुळे बांधकामासाठी याहून सोयीची जागा नाही असे कागदावर सहज सिद्ध होते. पण सडा हा डोंगराचा माठ आहे. त्याच्या सच्छिद्र जांभ्यात पावसाचे पाणी मुरते, खालच्या कठीण काळ्या पाषाणाशी अडते, आणि त्या दोहोंच्या सांध्यावर डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. गावे नेमकी तेथेच वसली आहेत, याचे कारण ते झरेच होत. वरचा सडा सिमेंटने लिंपला, त्यावर कूपनलिका खोदल्या, तर खालच्या वाडीचा झरा आटतो. नकाशावर या दोन गोष्टींचा संबंध दिसत नाही. हंडा घेऊन जाणाऱ्या बाईला तो तत्काळ दिसतो.

याच पट्ट्यातील कास पठार हे पश्चिम घाटातील निवडक स्थळांपैकी एक म्हणून २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले. त्या यादीत त्याच्या शेजारी कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य आहे. पाऊस ओसरल्यावर काही आठवडे तेथे जी फुले उमलतात, त्यांतील कित्येक जाती जगात इतरत्र फारशा आढळत नाहीत. याच पठारावरील कास तलाव सातारा शहराला पाणी पुरवीत आला आहे. उरमोडी, तारळी, कोयना यांचे पाणी खालच्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत पोहोचावे म्हणून कोट्यवधी रुपये खर्चून धरणे आणि कालवे बांधण्यात आले. त्या नद्यांचे पाणलोटच विक्रीस काढल्यावर कालव्यांत कोणते पाणी सोडणार?

आणि प्रश्न केवळ पाण्याचा नाही, प्राणाचाही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने सुमारे १८० माणसे मारली. त्यानंतर आजतागायत ही भूमी लहानमोठ्या धक्क्यांनी हादरत आली आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या वाड्यांवर डोंगर उतरला; घाटाखाली महाड तालुक्यात तळिये गाव गाडले गेले. त्याआधी २०१४ साली माळीण आणि त्यानंतर २०२३ साली इर्शाळवाडी. सह्याद्री इतक्या स्पष्ट शब्दांत बोलत असता तो ऐकू न येणारे कान कोणत्या आवाजाला सरावलेले आहेत, हे सांगण्याची गरज नाही. आंबेघर-मिरगावच्या दरडग्रस्तांना शाळांत आणि तात्पुरत्या शेडमध्ये दिवस काढावे लागले. त्याच तालुक्याच्या डोंगरावर नवे नगर वसविण्यास मात्र शासनापाशी उत्साह, निधी आणि जागा या तिन्ही गोष्टींची वाण नाही.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली पश्चिम घाटाबाबतचा अहवाल दिला आणि कोणत्या क्षेत्रात काय करू नये, याचा निर्णय ग्रामसभांना बरोबर घेऊन व्हावा असे सुचविले. तो अहवाल कठोर आहे म्हणून बाजूला ठेवण्यात आला. नंतर कस्तुरीरंगन समितीचा सौम्य अहवाल आला. त्यावर आधारलेल्या अधिसूचनेचे २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत सहा मसुदे निघाले. घाट राखण्याचा मसुदा सहा वेळा लिहावा लागतो आणि घाट विकण्याचे प्राधिकरण एका अधिसूचनेने नेमले जाते, यातच राज्यकर्त्यांचा अग्रक्रम दिसून येतो.

पहिले घर आणि दुसरे घर

या योजनेचा सर्वांत कठोर विचार घराच्या प्रश्नाच्या संदर्भात केला पाहिजे. कारण पर्यटन हे नाव असले, तरी गिरिस्थानाच्या अर्थकारणाचा कणा म्हणजे भूखंड आणि बंगला. मोसे खोऱ्याने हेच दाखविले. हॉटेले, उपाहारगृहे, नौकाविहार ही दर्शनी बाजू. आतला व्यवहार सदनिकांच्या आणि बंगल्यांच्या विक्रीचा.

तर ही घरे कोणासाठी? केंद्र शासनाने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ साली देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई असल्याचे सांगितले, आणि त्या टंचाईपैकी सुमारे ९६ टक्के वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा असल्याचे नमूद केले. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांतील १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. एका बाजूस घराविना माणसे आणि दुसऱ्या बाजूस माणसांविना घरे, असा हा आपला गृहनिर्माणाचा चमत्कार आहे. सह्याद्रीवर जी घरे बांधावयाची आहेत ती या रिकाम्या घरांच्या संख्येत भर घालणारी आहेत. वर्षातील दहा-पंधरा दिवस दिवा लागावा आणि उरलेले दिवस रखवालदाराने कुलूप राखावे, अशी ती घरे असतील.

आता जावळी आणि पाटणच्या माणसाचे पाहा. या दोन तालुक्यांतील पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गोदीत, धान्यबाजारात, भाजीबाजारात पाठीवर ओझी वाहत आल्या. अण्णासाहेब पाटील याच मातीतले; त्यांनी या हमालांना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने माथाडीला मजुरीची हमी दिली; घराची हमी मात्र त्याला मिळाली नाही. मुंबईत तो दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपत राहिला आणि गावाकडचे कौलारू घर हीच त्याची म्हातारपणची आशा राहिली. आज परिस्थिती अशी की, मुंबईत त्याला घर परवडत नाही कारण तेथील जमीन धनिकाच्या हातात आहे. आणि उद्या गावातही त्याला घर राहणार नाही, कारण मुंबईचा तोच धनिक दुसरे घर बांधण्यासाठी त्याच्या गावात आलेला असेल. ज्याचे ओझे त्याने जन्मभर वाहिले, त्याच्याच बंगल्यावर रखवालदार म्हणून राहण्याची संधी त्याच्या मुलाला मिळेल. आणि या संधीला रोजगारनिर्मिती असे म्हटले जाईल!

रोजगाराचा युक्तिवाद

हा रोजगाराचा युक्तिवाद टाळून चालणार नाही, कारण तो खोट्या माणसांकडून येत असला तरी खऱ्या गरजेवर उभा आहे. डोंगरातील तरुणाला काम नाही. गावात धड शाळा नाही, डॉक्टर नाही, रस्ता नाही. अभयारण्याच्या शेजारच्या वाडीला रस्ता हवा असला की वनकायदा आडवा येतो. गिरिस्थानाला हवा असला की तोच कायदा वाकतो. अशा स्थितीत गावातील काही जणांनी या योजनेचे स्वागत केले, तर त्यांना दोष देता येत नाही. शहरात बसून डोंगराच्या सौंदर्याचे गोडवे गाणाऱ्या आणि डोंगरवासीयाने मात्र चिमणीच्या उजेडातच राहावे अशी अपेक्षा बाळगणाऱ्या निसर्गप्रेमाशी समाजवादी विचाराचे काहीही नाते नाही. गाव हे वस्तुसंग्रहालय नव्हे.

परंतु रोजगार हवा याचा अर्थ जमीन गमवावी असा होत नाही. जमीन गेल्यावर मिळणारा रोजगार हा मालकाने चाकर होण्याची किंमत असते. पर्यटकांना यावयाचे असेल तर ते गावकऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून येऊ शकतात. घर, जमीन आणि मिळकत गावाच्या मालकीची राहू शकते. कासच्या परिसरातील गावांच्या वनव्यवस्थापन समित्यांनी फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क, वाहनतळ आणि देखरेख यांची व्यवस्था सांभाळून हे काही अंशी दाखवूनही दिले आहे. त्या व्यवस्थेत दोष असतील, ते दूर करता येतील. पण त्यासाठी पाचशे गावांचा नकाशा एका महामंडळाच्या टेबलावर नेण्याची आवश्यकता नव्हती. नाचणी, मध, हिरडा, करवंद यांवरील प्रक्रियेच्या सहकारी संस्था, वनहक्क कायद्याखालील सामूहिक वनहक्क, गावठाणाची वाढ, बारमाही रस्ते, लाँचची नियमित फेरी आणि आरोग्यकेंद्रात खरोखर हजर असणारा डॉक्टर, एवढ्या गोष्टी शासनाने आधी द्याव्यात. सामूहिक वनहक्क म्हणजे स्वप्नरंजन नव्हे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली तो मिळवून आपल्या बांबूचा कारभार आपल्या हाती घेतला आहे.

विकासाला विरोध, असा शिक्का मारणे हे सत्ताधाऱ्यांचे जुने हत्यार आहे. त्याला उत्तर एकच : कोयनेच्या धरणग्रस्ताने विकासाला विरोध केला नव्हता. त्याने आपले घर दिले. महाराष्ट्राच्या कारखान्यांची चाके त्या विजेवर फिरली. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ हा मंत्र चळवळीने पुढे दिला, १९७६ साली राज्याला पुनर्वसनाचा कायदाही करावा लागला. पण कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांना धरण पुरे होऊन अर्धशतक लोटल्यावरही हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनाला बसावे लागले. ज्या शासनाला धरणग्रस्ताला पर्यायी जमीन द्यावयाची तेव्हा जमीन सापडत नाही, त्याला त्याच धरणाच्या काठी पर्यटनासाठी मात्र शेकडो गावांची जमीन सापडते. विकासाच्या विरोधात नेमके कोण आहे?

काय झाले पाहिजे

नगररचनेच्या कायद्यात हरकती आणि सूचना मागविण्याची तरतूद आहे. परंतु मोजक्या दिवसांची मुदत, जाडजूड अहवाल, रंगीत नकाशे आणि दूरच्या कार्यालयातील सुनावणी या मार्गाने डोंगरातल्या बाईचे म्हणणे कधीही पोहोचत नाही. ग्रामसभेपुढे आराखडा मराठीत, गावाच्या गटनंबरांसह आणि सोप्या भाषेत मांडला गेला पाहिजे. ग्रामसभेचा नकार हा सल्ला नव्हे, निर्णय मानला गेला पाहिजे. २०१९ नंतर, म्हणजे योजनेची अधिसूचना निघाल्यानंतर, या गावांत जमिनीचे जे व्यवहार झाले त्यांची यादी शासनाने प्रसिद्ध करावी. कमाल जमीनधारणा आणि कुळकायद्याचा भंग करून झालेले व्यवहार रद्द करून ती जमीन मूळ कब्जेदारांना वा भूमिहीनांना परत द्यावी. जागतिक वारसास्थळाच्या आणि व्याघ्र प्रकल्पाच्या लगतचा पट्टा, सडे, देवराया आणि झऱ्यांचे पाणलोट यांना बांधकामापासून कायमचे मुक्त करावे. दरडप्रवण वाड्यांचे पुनर्वसन होईपर्यंत आणि कोयनेच्या शेवटच्या धरणग्रस्ताला जमीन मिळेपर्यंत या डोंगरावर कोणत्याही नव्या नगराचा दगड बसू नये.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. घटनेने आणि अस्तित्वात असलेल्या कायद्यांनी जे मान्य केले आहे, तेवढेच त्यांत आहे. तरीही ती मान्य होण्यासाठी संघर्ष करावा लागेल, कारण समोर उभे असलेले हितसंबंध लहान नाहीत आणि ते कोणत्याही एका पक्षापुरते मर्यादितही नाहीत. १९९६ पासून आजवर राज्यात सत्तेचे रंग अनेकदा पालटले. डोंगरविक्रीच्या धोरणाचा रंग पालटला नाही.

म्हणून ही लढाई कांदाटी, कोयना आणि उरमोडीच्या खोऱ्यातील गावांची जितकी आहे, तितकीच ती मुंबईतील माथाडीची, साताऱ्यात कासचे पाणी पिणाऱ्या नागरिकाची आणि माणदेशात कालव्याच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याची आहे. डोंगरातली माणसे एकटी पडली तर ती हरतील. पंचवीस-पन्नास घरांची वाडी एका महामंडळाशी किती काळ झुंजणार? पण पाणी जेथपर्यंत जाते तेथपर्यंतची माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली, तर हा आराखडा मागे घ्यावा लागेल. धरणासाठी गाव दिले, वाघासाठी रान दिले. आता बंगल्यासाठी डोंगर देणार नाही, असे त्या गावांनी ठरविले तर त्यांना हटवादी म्हणण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणालाही उरलेला नाही.